गवा दिसू नये म्हणून

कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी अभयारण्यात, म्हणजे दाजीपूरला जाऊन गवा न बघता परत येणं वाटतं तेवढं सोपं नाही. हे रान 1958 पासून गव्यासाठीच राखलंय. वजन हजार किलोपर्यंत, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा रंग, आणि पहाटे कळपानं चरायला उघड्यावर येणार. एवढं धूड चुकवायचं तर सोबत कॉलेजची पोरंच हवीत. तरी थोडी तयारी सांगून ठेवतो.

निघायची वेळ पहाटे चारची ठरवा. म्हणजे पाचला बिंदू चौकात निम्मी जमतील आणि उरलेली अंथरुणातून ‘आलोच भावा, रंकाळ्यापाशी आहे’ म्हणतील. पुढं ऐंशी किलोमीटरचा रस्ता, आणि वाटेत मिसळ न खाता गेलात तर कोल्हापूरचं नाव घेऊ नका. जादा कट, म्हणजे मिसळीचा झणझणीत रस्सा, मागवा. गेटवर पोचेपर्यंत ऊन चढतं, गवे चरून झाडीत रवंथ करत बसतात. निम्मं काम इथंच झालं.

गव्याचं नाक फार तिखट. तेव्हा बॉडी स्प्रे अर्धी बाटली तरी संपवा.

जीपमध्ये बसलात की ब्लूटूथ स्पीकर काढा. यावर कोणी नाक मुरडलं तर त्याला इतिहास सांगा. संस्थानच्या काळात हे शिकारीचं राखीव रान होतं. बंदूकवाली मंडळी श्वास रोखून बसायची, आणि त्या शांततेपायी जनावरं जिवानिशी जायची. तुमच्या डीजेनं आजवर एकही गवा मेलेला नाही. उलट आवाज ऐकून तो पार पलीकडच्या खोऱ्यात सुखरूप पोचतो. निसर्गप्रेम म्हणतात ते हेच.

गाईड ओठावर बोट ठेवेल, त्याची रील काढा. ओलं शेण दाखवून ‘आत्ताच गेलाय’ म्हणेल, तेव्हा सगळ्यांनी एका सुरात विचारा, ‘वाघ कुठाय?’ (तो बिचारा इथल्याच गावचा असतो, असली पोरं रोज बघतो, मनाला लावून घेत नाही.) वर फांदीवर शेकरू दिसलं तर ‘मोठी खार आहे रे’ म्हणून सोडून द्या. राज्यप्राणी असेल, आपल्याला काय.

युनेस्कोनं 2012 मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवलं, त्यात राधानगरीही आहे. वारसा म्हटल्यावर मागं काहीतरी ठेवणं आलंच. वेफर्सची पाकिटं ठेवा. अभयारण्यात कचरा टाकायला 1972 च्या कायद्यानं मनाई आहे खरी, पण कायदा काय जीपमागं पळत येतोय?

उरला प्रकल्प अहवाल. गेटजवळच्या फलकाचा फोटो काढून त्यावरची सगळी नावं ‘पाहिलेले प्राणी’ या मथळ्याखाली उतरवा. सर काही विचारणार नाहीत. परतीच्या वाटेत ते जीपमध्ये घोरत होते.