बॅग तयार आहे, तुमचं तुम्ही बघा

मुलाने न्यू जर्सीला बोलावलंय. तिकिटं आली, मे महिन्यातली आहेत, आणि अजून तीन महिने हातात आहेत. म्हणजे तसा उशीरच झालाय. लागा तयारीला.

तयारी म्हणजे बॅग भरणं, याबद्दल मनात संशय नको. पंधरा-सोळा तास एका जागी बसायचंय ते तुम्हाला, बॅगेला नाही, हे खरं. पण म्हणून कुणी तीन महिने आधीपासून गुडघ्यांकडे लक्ष देतं का? माणशी दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो, नवरा-बायकोचे मिळून ९२. हा आकडा सोसायटीत एकदा फुटला, की दुसऱ्या दिवसापासून बेल वाजायला लागते. वरच्या मजल्यावरच्या काकूंचा भाचा तिकडेच आहे, 'तुमच्यापासून फार लांब नाही' (म्हणजे टेक्सासला). व्याह्यांकडून मसाला येतो. अर्धा किलोच आहे हो, कुठंतरी सरकवा. या अर्ध्या किलोंची बेरीज कधीही करायची नाही.

वजनासाठी तो हूकचा लटकता काटा विकत आणू नका, उगीच नेमकं वजन कळतं. आपली जुनी पद्धत चांगली: बॅग उचलून वजनकाट्यावर उभं राहायचं आणि आलेल्या आकड्यातून स्वतःचं वजन वजा करायचं. इथे स्वतःचं वजन खरं सांगावं लागतं, आणि बहुतेक घरांचा हिशेब तिथेच चुकतो. मग विमानतळावर काउंटरसमोरच्या फरशीवर मांडी घालून बॅग उघडायची, आणि मागच्या रांगेतल्या ऐंशी माणसांना आपल्या घरची मेतकुटाची पिशवी, लोकरीचा पायमोजा आणि परकर एकदम दाखवायचे. जास्तीचं दीड किलो कोटाच्या खिशांत भरा. मे महिन्यात अंगावर कोट का, असं विचारायची कुणाची हिंमत होत नाही.

काय भरायचं, हे मी सांगायला नको. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, बाकरवडी, लिंबाचं लोणचं. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर भारतीय किराणा मालाची दुकानं आहेत आणि तिथे यातलं बरंचसं मिळतं, हे मी तुमच्या कानात सांगतोय. घरात बोलू नका. 'तिकडे मिळतं' असं म्हणणाऱ्या माणसाकडे घरातल्या बायका ज्या नजरेने बघतात, त्या नजरेसमोर इमिग्रेशनचा अधिकारी म्हणजे काहीच नाही.

सुकं खोबरं मात्र अवश्य घ्या. खोबऱ्यात तेल असतं, साठ्यात ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याला स्वतःचा क्रमांक आहे, १३६३. आपल्याकडच्या विमानतळांवर ते चेक-इन बॅगेत चालत नाही. ज्या वाटीशिवाय वाटण होत नाही ती वाटी रसायनांच्या पंगतीत बसलेली पाहून ऊर भरून यावा. पॉवर बँकचंही तेच: ती चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातच ठेवावी लागते. तेव्हा ती हमखास मोठ्या बॅगेत, सगळ्यात तळाशी, भाजणीच्या डब्याखाली ठेवा, आणि शेजारी खोबरं.

निघताना ओटी भरून घ्यायची. नारळ शेजारणीला परत द्या, पण तांदूळ पुडीत बांधून पर्समध्ये असू द्या, ओटीचे तांदूळ टाकायचे नसतात. हे तांदूळ म्हणजे पुढे अमेरिकेत मोठं प्रकरण आहे. धान्यात पडणारा खपरा नावाचा किडा असतो. त्याची अळी अन्नावाचून वर्षानुवर्षं तग धरते, म्हणजे विमानातलं जेवण तिला सहज झेपेल. या किड्याच्या धास्तीपायी भारतातून प्रवाशाच्या सामानात तांदूळ न्यायला अमेरिकेने बंदी घातली आहे. इंग्रजीतही त्याला खपराच म्हणतात. तिकडे एवढं नाव काढलेला आपल्याकडचा दुसरा किडा माझ्या तरी ऐकण्यात नाही.

आता वेळ. तिकिटावर १२ तारीख आणि ००:५० असं छापलेलं असतं. आपण साधी माणसं, १२ तारखेला रात्री जेवून, भांडी घासून, झाडांना पाणी घालून निघायचं. विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं, त्यामुळे विमानतळावर अजिबात गडबड होत नाही. ज्यांना हे एकदा कळलं ते पुढच्या खेपेला दुपारी दोनलाच पुणं सोडतात, घाटात अडकायचं म्हणून. आणि नेमका त्याच दिवशी घाट मोकळा असतो. मग मुंबई विमानतळावर टी-टू टर्मिनलच्या त्या मोराच्या पिसांसारख्या छताखाली सहा तास बसून घरचे तिखटमिठाचे पराठे खायचे.

सुरक्षा तपासणीत तूप निघेल. २००६ साली लंडनमध्ये द्रव स्फोटकांनी विमानं उडवायचा कट उघडकीला आला, तेव्हापासून हातातल्या सामानात शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली चालत नाही. तुमची बरणी अर्ध्या लिटरची आहे. तूप द्रव की घन, हा वाद तुम्ही घालणारच. फक्त 'अहो, हे घट्ट असतं' म्हणताना बरणी हलवू नका. मे महिना आहे.

आणि हो, व्हीलचेअर! ती सांगितली की नाही? रोज पहाटे पर्वतीच्या शंभरावर पायऱ्या चढून वर पुन्हा दोन सूर्यनमस्कार घालणाऱ्या माणसाला विमानतळावर चालता येत नाही, हे वैद्यकशास्त्राला न उलगडलेलं कोडं आहे. मुलगा तिकडे बसून तिकिटावर खूण करतो: आईबाबा, व्हीलचेअर. पैसे पडत नाहीत, रांगा चुकतात, कुणीतरी थेट दारापर्यंत नेऊन सोडतं. खरं तर तुम्हाला भीती गुडघ्यांची नसतेच. दुबई-फ्रँकफर्टच्या त्या अफाट विमानतळांवर गेट बदललं, आणि सूचना इंग्रजीत झाली नि कळली नाही, तर काय करायचं, ही भीती असते. सूचना समजावून सांगणारा माणूस मागायची सोय फॉर्मवर ठळक दिसत नाही, खुर्ची दिसते. ज्या बाईंचं महिन्यापूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालं, त्या मात्र तुमच्यामागे विसाव्या नंबरावर बसून खुर्चीची वाट बघतात. त्यांच्याकडे बघून ओळखीचं हसा.

विमानात बसलात, आता तुमची स्वतःची तयारी सुरू. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर. विमानातल्या हवेचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढाच ठेवलेला असतो. म्हणजे खुर्चीला पट्टा बांधून तुम्ही रात्रभर महाराष्ट्राच्या माथ्याहून उंच बसणार, आणि तेही शिडीला हात न लावता. आर्द्रता दहा-वीस टक्के, मेमधलं जळगाव बरं म्हणायचं. अशा कोरड्या हवेत पाणी पीत राहावं असं डॉक्टर सांगतात. पिऊ नका! पाणी प्यायलात की उठावं लागतं, उठायचं म्हणजे कडेच्या सीटवरच्या अनोळखी माणसाला झोपेतून उठवायचं, आणि आपण कुणाला त्रास देत नाही. तसेच बसून राहा. पाय लटकते ठेवून तासन्‌तास न हलता बसलं की पोटरीत रक्ताची गाठ होऊ शकते, म्हणून अधूनमधून चालावं, घोटे फिरवावेत, असंही ते सांगतात. सांगोत बापडे. लक्ष्मी रोडवरून आदल्या दिवशी घेतलेले घट्ट बूट मात्र चढताच काढून ठेवा. उतरताना सुजलेले पाय त्यात जाणार नाहीत, तेव्हा तुम्हाला खुर्ची का लागते ते आपोआप सिद्ध होईल.

जेवणासाठी 'एशियन व्हेजिटेरियन' आधीच कळवलेलं असेल. खास जेवण सगळ्यांच्या आधी येतं. आजूबाजूचे तीस प्रवासी बघताहेत आणि आपण एकटे छोले खातोय, हा मान घरच्या लग्नातही मिळत नाही. उंचीवर जिभेला मीठ आणि गोड कमी लागतं, त्यामुळे ते अळणी वाटेल. हवाई सुंदरीला दोष न देता लोणच्याची पुडी काढा. पुढच्या चार रांगांना झोपेत घर आठवेल.

न्यूअर्कला उतरलात की घड्याळ साडेनऊ तास मागे. अधिकारी विचारेल, खाण्याचे पदार्थ आहेत का? 'नो' म्हणा, खणखणीत. 'हो' म्हणून यादी सांगितली तर फार तर एखादी वस्तू काढून घेतात आणि सोडून देतात; लपवलं तर शेकडो डॉलर दंड होऊ शकतो. पण ४६ किलो फराळाची यादी इंग्रजीत कोण सांगत बसणार! तिथे एक बीगल जातीचं कुत्रं फिरत असतं. १९८४ पासून अमेरिकेत ही कुत्री प्रवाशांच्या सामानातली फळं आणि मांस हुंगताहेत. भुंकत नाही, अंगावर येत नाही. नातवासाठी साडीच्या घडीत ठेवलेले दोन हापूस ज्या बॅगेत आहेत, तिच्याशेजारी येऊन नुसतं शहाण्यासारखं बसतं. आपल्याला वाटतं, किती गुणी. त्याला कुरवाळा, बिस्कीट द्या, आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या गणवेशातल्या बाईंना विचारा, याचं नाव काय हो?

तासाभराने तिथून सुटाल. बाहेरचं दार उघडेल, पलीकडून 'आजी!' अशी हाक येईल, आणि तुम्ही खुर्चीतून उठून धावत सुटाल. तेवढं करू नका. निदान पहिली चार पावलं लंगडत जा. खुर्ची ढकलणारा मागेच उभा आहे आणि त्याला अजून टीप द्यायचीय.