लाख किलोमीटरच्या आत टर्बो इंजिन बंद पाडण्याचे उपाय

टर्बो पेट्रोल गाडी घेतलीत, अभिनंदन. आता दोन-तीन वर्षांत सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभं राहून "टर्बोच्या नादी लागू नकोस, टिकत नाही" असं ठासून सांगायचं असेल, तर थोडे कष्ट घ्यावे लागतील. ही इंजिनं लोक म्हणतात तितकी नाजूक नसतात. नुसतं दुर्लक्ष करून भागत नाही, ते नेमक्या जागी करावं लागतं.

सुरुवातीला ब्रोशरमधला आकडा पाठ करा, पण तो आला कुठून हे विचारू नका. २०२० च्या बीएस६ पोलोत ९९९ सीसीची दोन तीन-सिलिंडर इंजिनं मिळायची. साधं एमपीआय ७६ पीएस आणि ९५ न्यूटन-मीटर द्यायचं, टर्बोवालं टीएसआय ११० पीएस आणि १७५ न्यूटन-मीटर. सीसी तेवढेच, सिलिंडर तितकेच. वरचे ८० न्यूटन-मीटर येतात ते सायलेन्सरकडे निघालेल्या धुराच्या जोरावर. तो धूर एक चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक हवा दाबून इंजिनात कोंबतं, आणि हा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात जातो. पूर्ण लोडवर टर्बाइनकडे येणारा वायू ९०० अंश सेल्सिअसच्या वर असतो. अशा भट्टीत तो दांडा बेअरिंगला टेकत नाही, तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. जादा पैसे मोजून घेतलेली तुमची सगळी ताकद त्या थरावर उभी आहे. तेव्हा नेम तिथेच धरावा.

तेल बदलण्याबद्दल मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं: '१५,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते'. काही कंपन्या १०,००० म्हणतात. यातला पहिला अर्धा भाग वाचायचा आणि पुस्तक ग्लव्ह बॉक्समध्ये परत ठेवायचं. गाडी रोज घर ते भाजी मंडई आणि मंडई ते घर एवढीच फिरत असेल, तर वर्षाचे जेमतेम चार हजार किलोमीटर होतात. म्हणजे हेच तेल पावणेचार वर्षं चालायला हरकत नाही. शिवाय बारीक अक्षरात 'धूळ, ट्रॅफिक, कमी अंतराच्या फेऱ्या असल्यास तेल लवकर बदला' असंही छापलेलं असतं. ते दुसऱ्या कुठल्या तरी देशासाठी असावं असं समजून चाला, पुण्याला लागू नाही.

या छोट्या फेऱ्यांचा गुण मोठा आहे. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. इंजिन थंड असताना त्यातलं थोडं भिंतीवर बसतं, तेलाचा थर धुतं आणि पिस्टनच्या रिंगांवरून खाली तेलाच्या चेंबरात उतरतं. तेल नीट तापायला पंधरा-वीस मिनिटं सलग चालवावी लागते, तोवर हे पेट्रोल आणि पाण्याची वाफ उडून जात नाही. तुम्ही सातव्या मिनिटाला घरी पोचता. काही महिन्यांनी डिपस्टिक काढलीत तर तेल वरच्या खुणेच्याही वर गेलेलं दिसेल. घाबरू नका, आनंद माना. बाकीच्यांच्या गाड्या तेल खातात, तुमची तयार करते. फक्त ती काडी नाकाजवळ नेऊ नका, पेट्रोलचा वास येईल आणि उगाच शंका येईल.

डिपस्टिक मुळात पाहूच नये, हे उत्तम. पाहणारे लोक गाडी सपाट जागी लावतात, गरम इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबतात, काडी पुसून पुन्हा घालतात. फार वेळ जातो. आता एक छोटासा हिशेब. काही मॅन्युअलमध्ये १,००० किमीला अर्ध्या लीटरपर्यंत तेल खपणं 'सामान्य' मानलेलं आहे. चेंबरात चारेक लीटर तेल मावतं. कंपनीच्याच मर्यादेने चाललं तर १५,००० किलोमीटरला साडेसात लीटर लागतील, म्हणजे सर्व्हिस येण्याच्या कितीतरी आधी चेंबर कोरडा. असं लिहिणाऱ्याच्या धैर्याला दाद द्यायला हवी. बहुतेक गाड्या एवढं तेल खात नाहीत, हे त्यांचं नशीब. तुमची खात असली तरी दर हजार किलोमीटरला काडी बघितल्याशिवाय कळणार नाही, आणि न बघण्याचं तर आपलं ठरलंच आहे. तेलाचा लाल दिवा लागेलच की. तो तेलाच्या पातळीचा नाही, प्रेशरचा दिवा असतो. तो लागतो तेव्हा बेअरिंग आधीच सुकं धावत असतं.

तेलाचा ग्रेड हा चवीचा प्रश्न समजा. मॅन्युअल ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० म्हणत असेल तर गल्लीतल्या गॅरेजमधलं ड्रममधलं २०डब्ल्यू-४० भरा. 'जाड तेल म्हणजे इंजिनाला ताकद' हे तिथे कोणीही छातीठोकपणे सांगेल. डिसेंबरात नाशिकला सकाळी स्टार्ट मारलीत की हे जाड तेल टर्बोच्या बारीक नळीतून वर जायला जास्त वेळ घेतं. ते येईपर्यंत तुम्ही लगेच ४,००० आरपीएमला नेऊन दाखवा. तेलात भिजणारा टायमिंग बेल्ट असलेलं इंजिन सापडलं तर आणखी मजा. २०१३ च्या इकोस्पोर्टमधलं १ लीटर इकोबूस्ट हे त्यातलंच. चुकीचं किंवा पेट्रोल मिसळलेलं तेल त्या बेल्टचं रबर खातं, त्याचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात, आणि एका बिलात दोन कामं होतात.

आता घाटातलं ड्रायव्हिंग. आंबोली चढताना पाचवा गिअर टाका, आरपीएम १,५०० च्या आसपास ठेवा आणि पाय पूर्ण दाबा. खाली गिअर टाकणं म्हणजे पेट्रोलची नासाडी, असं आपल्याकडे फार पूर्वीपासून मानतात. टर्बो याच आरपीएमला जोर द्यायला लागतो, त्यामुळे गाडी चढतेही आणि आपलं बरोबर असल्याची खात्री पटते. आत मात्र वेगळंच चालू असतं. पिस्टनच्या वरच्या रिंगेपाशी साठलेला तेल-पेट्रोलचा एखादा थेंब उडतो आणि प्लगच्या ठिणगीआधीच मिश्रण पेटवतो. पिस्टन अजून वर येत असतो, वरून स्फोट खाली ढकलतो. त्या धक्क्याने रिंगांच्या दोन खाचांमधली पिस्टनची पातळ कड तुटते. नेहमीच्या नॉकिंगवर (मिश्रण अवेळी पेटून होणारी खटखट) नॉक सेन्सर ठिणगीचं टायमिंग मागे घेऊन इलाज करतो. इथे ठिणगी पडायच्या आधीच सगळं उरकलेलं असतं, मागे घ्यायचं काय? तेलातल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटने हा प्रकार वाढतो असं लक्षात आलं, म्हणून २०१८ मध्ये तेलाचा एपीआय एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी हा दर्जा आला. डब्यावर 'एसपी' दिसलं तर डबा परत ठेवा. दोनशे रुपये वाचतील. तिसरा गिअर टाकून २,५०० आरपीएमवर आरामात चढणाऱ्यांकडे तुच्छतेने बघायला विसरू नका.

घाट संपला, समोर वडापावची टपरी दिसली, की ब्रेक, हँडब्रेक, इंजिन बंद. एका दमात. तेलपंप थांबतो, टर्बो लालबुंद असतो, आणि बेअरिंगपाशी अडकलेलं तेल कढईच्या बुडाशी करपावं तसं करपून बसतं. असं पुन्हा पुन्हा झालं की तेलाची नळी आतून अरुंद होत जाते. इंजिनिअर लोकांनी तुमच्या बेतात खोडा घालून ठेवलाय. आजकालच्या बहुतेक टर्बोंत पाण्याचं कूलिंग असतं आणि काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही छोटा इलेक्ट्रिक पंप थोडा वेळ गुणगुणत राहतो. तेव्हा याच उपायावर विसंबू नका, कूलंटची टाकीही निम्म्यावर येऊ द्या. किंवा त्यात नळाचं पाणी भरा. शेवटचा किलोमीटरभर सावकाश चालवणं किंवा अर्धा मिनिट आयडलवर उभं राहणं, एवढ्याने हे सगळं टळतं. म्हणून ते टाळा.

इंधनाबद्दल थोडक्यात. ई२० (वीस टक्के इथेनॉलचं) पेट्रोल मानकाप्रमाणे ९५ ऑक्टेनचं असतं, पण इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. मायलेज थोडं उतरणारच. झाकणाच्या आत तुमच्या गाडीला काय चालतं ते छापलेलं असतं, ते न वाचता १०० ऑक्टेनवर पैसे उधळा आणि ती भरपाई स्वस्त तेलातून काढा.

मायलेजवरून भांडण कधी ना कधी होतंच, त्याचीही तयारी हवी. ब्रोशरमधला आकडा पुण्यातल्या एआरएआयसारख्या प्रयोगशाळेत रोलरवर काढलेला असतो, कमाल वेग ताशी ९०, चाचणी वीसेक मिनिटांची. तो आकडा एक्सप्रेसवेवर १२० ला, एसी लावून, पाच माणसं आणि आंब्याच्या चार पेट्या घेऊन यायलाच हवा असा आग्रह धरा. जोरात दामटलं की टर्बो थंड ठेवायला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो, ही माहिती तुम्हाला नाही असं दाखवा.

एवढं करूनही इंजिन उभंच असेल तर रीमॅप करून घ्या, म्हणजे त्याच्या संगणकातलं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवा. स्कोडा कुशाकच्या १.५ टीएसआयचा टॉर्क २५० न्यूटन-मीटर, आणि त्याला जोडलेल्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची मर्यादाही २५० च. म्हणजे शिल्लक शून्य. त्यावर लॅपटॉपने आणखी पन्नास चढवा. जोडीला बाहेर फुस्स करणारा ब्लो-ऑफ वाल्व्ह आणि बॉनेटखालची गरम हवा ओढणारा कोन फिल्टर. प्लग बदलाल तेव्हा गॅप मोजू नका. टर्बोला साधारण ०.७ ते ०.८ मिमी लागतो. १.१ ठेवलात की बूस्टमध्ये ठिणगी विझते, मिसफायर होतो, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असतो तो याचसाठी. लुकलुकू द्या.

गाडी ओढत नाहीये आणि स्कॅनरवर पी०२९९ आलाय? हा कमी बूस्टचा कोड. ताबडतोब टर्बो बदला. इंटरकूलरचा (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा) सुटलेला पाइप, सैल क्लिप, पीसीव्हीचा (चेंबरातली वाफ परत इनटेकमध्ये सोडणाऱ्या वाल्व्हचा) फाटलेला डायाफ्राम किंवा वेस्टगेटचा (जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेचा) अडकलेला दांडा यांतलं काही असू शकतं, आणि धुराची टेस्ट केली तर गळती तासाभरात सापडते. पण त्यात बिलाला वजन कुठून येणार? टर्बो खरोखर गेलाय का हे बघायचंच असेल तर इनटेकचा पाइप काढून दांडा हाताने हलवतात. बाजूला किंचित हलणं चालतं, मागे-पुढे हलता कामा नये, आणि पाती कव्हरला घासलेली नसावीत. हे कोणी करायला लागलं तर त्याला चहा प्यायला पाठवा.

डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांनी इनटेक वाल्व्हवरच्या कार्बनचीही आठवण ठेवू नये. वाल्व्हवर पेट्रोल पडतच नाही, त्यामुळे पीसीव्हीतून आलेली तेलाची वाफ तिथे बसते आणि घट्ट होते. अक्रोडाच्या टरफलांचा भुगा मारून ती काढतात. टाटा नेक्सॉनच्या १.२ रेव्होट्रॉनसारख्या पोर्ट इंजेक्शनच्या (वाल्व्हच्या आधीच पेट्रोल फवारणाऱ्या) टर्बोत हा त्रास फारसा नाही, म्हणून त्या मालकांनी वर सांगितलेल्या बाकीच्या उपायांवर अधिक भर द्यावा.

सगळं नीट पार पडलं की गाडी विकायला काढा. गिऱ्हाईक येण्याआधी अर्धा तास इंजिन गरम करून ठेवा, म्हणजे थंड स्टार्टचा निळा धूर दिसत नाही. सायलेन्सरचं टोक आतून पुसा. ब्लूटूथ ओबीडी स्कॅनरने बिघाडाचे कोड उडवा. एखादा चिकित्सक स्वतःचा स्कॅनर घेऊन आला आणि 'एकही मॉनिटर (गाडीची स्वतःची तपासणी) पूर्ण झालेला नाही, कोड कालच उडवलेत का?' असं विचारलंन, तर बॅटरी कालच बदलली असं सांगा. फक्त बॅटरीवरची तारीख बघायला बॉनेट उघडू देऊ नका.