पेरिएचा फिल्टर आणि बाटलीवरचा एक शब्द

पेरिए हे फ्रान्सचं फेसाळ बाटलीबंद पाणी. 1990 मध्ये त्यात बेन्झीन हे कर्करोगकारक रसायन सापडलं आणि जगभरातला माल परत घ्यावा लागला. या प्रकरणाचा विषय निघाला की मॅनेजमेंटच्या वर्गात एकच धडा गिरवला जातो: संकटात कंपनीने बोलायचं कसं. मला तो धडा अपुरा वाटतो. घोळ झाला होता कोळशाच्या फिल्टरमध्ये. आणि त्या फिल्टरकडे दुर्लक्ष व्हायला बाटलीवरचा 'नैसर्गिक' हा शब्द कारणीभूत होता, असं माझं ठाम मत आहे. पाण्याच्या धंद्यात असलेल्या प्रत्येकाने हे प्रकरण या बाजूने बघायला हवं.

आधी कंपनीबद्दल थोडं. दक्षिण फ्रान्समध्ये नीम शहराजवळ व्हर्झेज नावाचं गाव आहे. तिथल्या बुडबुडे येणाऱ्या झऱ्याला 1863 मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या हुकुमाने मान्यता मिळाली. 1898 मध्ये डॉ. लुई पेरिए यांनी तो विकत घेतला आणि 1903 मध्ये सेंट जॉन हार्म्सवर्थ या इंग्रजाला विकला. हा 'डेली मेल' या ब्रिटिश वृत्तपत्रवाल्या हार्म्सवर्थ घराण्यातला भाऊ. 1906 च्या मोटार अपघातानंतर तो अधू झाला आणि व्यायामासाठी मुद्गल फिरवू लागला. आपल्या तालमींत घुमवतात तेच मुद्गल. ब्रिटिश लष्करामार्फत ते विलायतेत पोचलं होतं. पेरिएची हिरवी बाटली त्याच आकाराची आहे, खाली फुगीर आणि मानेकडे निमुळती. पुढे 1947 मध्ये गुस्ताव्ह लेव्हाँ यांनी कंपनी घेतली आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेची बाजारपेठ काबीज केली.

आता मुद्द्याचं. जमिनीखालचं पाणी वर येताना दाब कमी होतो आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड सुटून जातो. प्रत्येक बाटलीत फेस सारखा हवा असेल तर गॅस वेगळा काढून, मोजून पुन्हा पाण्यात मिसळावा लागतो. पेरिए हेच करत होती. यात गैर काहीच नाही. गॅसही त्याच जमिनीतला. पण खोलवरून येणारा गॅस निव्वळ कार्बन डायऑक्साइड नसतो. त्यात गंधकाची संयुगं असतात, आणि व्हर्झेजच्या गॅसमध्ये अगदी थोडं बेन्झीनही होतं. ते अडवायला कोळशाचे फिल्टर बसवलेले होते.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या मेक्लेनबर्ग काउंटीच्या प्रयोगशाळेत पेरिएचं पाणी शुद्ध म्हणून तुलनेसाठी वापरत. त्याच पाण्यात त्यांना बेन्झीन सापडलं: 12.3 ते 19.9 पीपीबी, म्हणजे लिटरमागे तितके मायक्रोग्रॅम. तिथली मर्यादा 5 ची. तातडीचा धोका नाही असं अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने सांगितलं, तरी फेब्रुवारी 1990 मध्ये आधी उत्तर अमेरिकेतला आणि काही दिवसांत जगभरातला माल परत घ्यावा लागला. एकूण सुमारे 16 कोटी बाटल्या. कंपनीने आधी सांगितलं की अमेरिकेच्या लाइनवर चुकून साफसफाईचं द्रावण वापरलं गेलं. मग युरोपातल्या बाटल्यांतही बेन्झीन निघालं आणि खरं कारण कबूल करावं लागलं: कोळसा वेळेवर बदललेला नव्हता.

फिल्टरमधला हा कोळसा, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बन, संपतो कसा, हे समजून घेण्यासारखं आहे. बेन्झीन कणांच्या पृष्ठभागावर चिकटतं. गॅस जिथून आत शिरतो तिथला थर आधी भरतो, मग त्याच्या पुढचा. भरलेला पट्टा असा हळूहळू बाहेरच्या तोंडाकडे सरकत राहतो. तोपर्यंत बाहेर पडणाऱ्या गॅसची तपासणी महिनोन्‌महिने साफ येते. पट्टा शेवटाला टेकला की आकडा भराभर चढतो. दाब पडत नाही, रंग बदलत नाही, इतक्या कमी प्रमाणाला वासही येत नाही. गाळाने चोंदलेला फिल्टर आपलं दुखणं सांगतो, कोळसा सांगत नाही. शिवाय झऱ्याचा गॅस ओलसर असतो. ओलावा आणि गंधक दोन्ही कोळशातली जागा अडवतात, म्हणून कागदावरच्या हिशेबाआधीच तो संपतो.

उपाय जुना आणि साधा आहे. दोन टाक्या एकामागे एक लावायच्या आणि मधे नमुना घ्यायची तोटी ठेवायची. त्या तोटीवर बेन्झीन दिसलं की पहिल्या टाकीतला कोळसा बदलायचा, दुसरी पुढे आणायची आणि नवा कोळसा मागे टाकायचा. फक्त शेवटच्या तोटीवर नमुना घेणाऱ्याला बातमी कळते तेव्हा माल भरून झालेला असतो. बाटलीतलं पाणी तपासताना बाटली थंड करूनच उघडायची, कारण फेसाबरोबर बेन्झीनही उडतं. 40 मिलीची काचेची कुपी काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहता कामा नये.

हे पेरिएच्या तंत्रज्ञांना ठाऊक नसेल असं मी मानत नाही. पण ज्या कंपनीचा सगळा डोलारा 'निसर्गातून थेट बाटलीत' या प्रतिमेवर उभा होता, तिथे फिल्टर ही चारचौघांत न बोलायची गोष्ट झाली. ज्या यंत्राचं नाव घ्यायचं नाही, त्याच्या देखभालीला वजन कुठून येणार? प्रकरणानंतर अमेरिकेत लेबलवरचे 'नैसर्गिक फेसाळ' हे शब्द काढावे लागले. 1992 मध्ये कंपनी नेस्लेकडे गेली.

आणि तोच शब्द पुन्हा आडवा आला. युरोपच्या कायद्यानुसार 'नैसर्गिक खनिज पाण्या'तून लोह आणि गंधक वेगळं काढता येतं, गॅस काढता-घालता येतो, पण निर्जंतुकीकरण करता येत नाही. पाणी मुळातच शुद्ध असलं पाहिजे. 2024 च्या सुरुवातीला नेस्लेने मान्य केलं की आपल्या काही पाण्यांवर अतिनील किरण आणि कोळशाचे फिल्टर वापरले जात होते, आणि त्यात पेरिएही होतं. त्याच वर्षी जोरदार पावसानंतर व्हर्झेजच्या एका विहिरीत विष्ठाजन्य जंतू आढळले आणि किमान 20 लाख बाटल्या नष्ट कराव्या लागल्या. पाऊस आणि भोवतालची वस्ती-शेती दीडशे वर्षांपूर्वीसारखी राहिलेली नाही. उथळ झिरपा असलेल्या विहिरीला गाळणी लागणारच.

काही विहिरींचं पाणी आता कंपनी 'मेझाँ पेरिए' या नावाने विकते. त्यावर 'नैसर्गिक खनिज पाणी' असं लिहिलेलं नसतं, त्यामुळे उघडपणे फिल्टर लावता येतो. त्या विहिरींच्या बाबतीत मला हाच निर्णय सरळ वाटतो, आणि तो फार आधी घ्यायला हवा होता.