‘कंट्रोलरच गेलाय’ म्हणण्याआधी

मे महिना आला, कॅम्परवरची, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरावरची, हिवाळी आवरणं निघाली, की इकडे अमेरिकेतल्या मराठी कॅम्परवाल्यांच्या फोनवर एक मेसेज हमखास येतो. ‘ट्रेलरचे ब्रेक लागत नाहीत? कंट्रोलरच गेलेला असतो, सरळ नवा आणा. निळ्या वायरवर १२ व्होल्ट दिसले म्हणजे वायरिंग ओके. अर्थिंगची काळजी नको, हिचच्या गोळ्यातून ते होतंच. रंगाला रंग जोडा. तरी ब्रेक मऊ वाटले तर गेन १० वर न्या.’ (कंट्रोलर म्हणजे ओढणाऱ्या ट्रकमधली, ट्रेलरच्या ब्रेकना करंट सोडणारी डबी; गेन म्हणजे तो करंट किती जोरात सोडायचा त्याची सेटिंग; आणि हिचचा गोळा म्हणजे ट्रकमागचा, ज्यावर ट्रेलर अडकवतात तो.) पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. मी ओहायोत दोन ॲक्सलचा कॅम्पर ओढतो, आणि तीन वर्षांपूर्वी याच मेसेजच्या नादाने नवा कंट्रोलर घेऊन बसलो. तेव्हा थोडं बोलायचा हक्क आहे.

माझं लहानपण सांगली जिल्ह्यातलं. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरमागे डुलत जायच्या. त्यांना ब्रेकच नसायचे, मग वायरिंग बिघडणार कुठून? इकडच्या कॅम्परला मात्र प्रत्येक चाकाच्या ड्रममध्ये एक विद्युतचुंबक असतो. कंट्रोलरने करंट सोडला की तो फिरत्या ड्रमला चिकटतो, ड्रमबरोबर थोडा ओढला जातो, आणि त्याच्याशी जोडलेली दांडी ब्रेक शूज बाहेर ढकलते. म्हणजे सगळा खेळ चुंबकापर्यंत करंट पुरेसा पोचतो की नाही, याचा. कंट्रोलर त्या वाटेवरचा एक मुक्काम आहे, आणि तोही डॅशबोर्डखाली, कोरड्या जागी. बाकीची वाट पाणी, मीठ आणि चिखल खात गाडीखालून जाते. आधी संशय कुणावर घ्यायचा?

कंट्रोलर तपासायला पैसे लागत नाहीत. बाहेरून बसवलेल्या कंट्रोलरला साधारण चार वायरी असतात. काळी बॅटरीच्या प्लसला, पांढरी अर्थला, लाल ब्रेक लाइटच्या स्विचला, निळी मागे चुंबकांकडे. आता कंट्रोलरवरचा हाताने दाबायचा खटका सरकवा. खटक्याने ब्रेक लागतात पण पायाने लागत नाहीत, तर आधी लाल वायर किंवा पेडलवरचा स्विच बघा; चुंबक, निळी वायर, ट्रेलरचं अर्थिंग सगळं संशयातून सुटलं. लाल वायर स्विचच्या चुकीच्या बाजूला, म्हणजे कायम करंट असलेल्या बाजूला जोडली असेल, तर कंट्रोलरला वाटतं की पाय सदा ब्रेकवरच आहे. दोन्हीने लागत नसतील तर ट्रकच्या मागच्या सात पिनांच्या सॉकेटकडे जा. समोरून बघितलं तर घड्याळातल्या पाचच्या जागी ब्रेकची पिन, सातच्या जागी अर्थ. कुणालातरी खटका दाबायला सांगून तिथे टेस्ट लॅम्प लावा. लॅम्प झकास पेटला तर कंट्रोलर बहुतेक निर्दोष आहे, दोष सॉकेटच्या पलीकडे शोधा.

मी लॅम्प म्हटलं, मल्टिमीटर नाही. मेसेजमधला सगळ्यात फसवा भाग हाच आहे. १० किंवा १२ इंची ड्रमच्या चुंबकाचा रोध साधारण ३.२ ओहम असतो. चार चुंबक समांतर जोडलेले, म्हणजे एकूण ०.८ ओहम. आता एखाद्या जोडात गंजामुळे फक्त १ ओहमचा अडथळा तयार झाला असं धरा. ब्रेक दाबले की १२ व्होल्टपैकी जेमतेम सव्वापाच व्होल्ट चुंबकांना मिळतात, बाकीचे त्या गंजक्या जोडातच खर्ची पडतात. पण तीच निळी वायर सोडवून मीटर लावा, पूर्ण १२ दिसतील, कारण मीटर नावापुरता करंट घेतो. वायरीची एकच तार शाबूत असली तरी मीटर खूश. त्यातून कंट्रोलर करंट सलग नाही, तुकड्या-तुकड्यांनी सोडतो, त्यामुळे अर्धवट ब्रेकिंगला मीटरचा आकडा आणखीच भोंगळ येतो.

खरं मोजायचं तर करंट मोजा. असा प्रत्येक चुंबक पूर्ण ब्रेकला ३ अँपियरच्या आसपास घेतो. चार असतील तर १२. ९ च्या आसपास आले तर एक चुंबक किंवा त्याची वायर गेली. ६ आले तर बहुधा एका ॲक्सलचा फाटाच तुटलाय. आणि हो, साध्या मल्टिमीटरची सोय १० अँपियरपर्यंतच असते. मी तो निळ्या वायरीत मध्येच घातला आणि पहिल्याच दाबाला मीटरचा फ्यूज उडवला. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर घ्या, म्हणजे वायर न तोडता तिच्याभोवती नुसता पकडायचा. काही ट्रेलरमध्ये डाव्या चाकाकडून उजव्या चाकाकडची वायर ॲक्सलच्या नळीतून जाते, आत हादऱ्याने घासून सोलली जाते आणि शॉर्ट होते. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही.

अर्थिंग गोळ्यातून होतं, हे अर्धसत्य आहे. थांबलेल्या गाडीत होतं. पण गोळ्याला आपणच ग्रीस फासतो, त्यावर बसणाऱ्या ट्रेलरच्या कपलरला रंग असतो, आणि खड्ड्यात दोन्ही क्षणभर सुटतात. १२ अँपियर परत येण्याची ही वाट नव्हे, त्यासाठी पांढरी वायर आहे. माझा घोळ नेमका तिथेच निघाला. नवा कंट्रोलर बसवूनही ब्रेक तस्से. शेवटी ट्रेलरखाली आडवा झालो. पांढरी वायर चॅसीला जिथे बोल्टने कसली होती, तो बोल्ट बोटांनीच फिरला. खाली रंगाचा थर, त्यावर गंज, आणि टर्मिनलवर हिरवी भुकटी. पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलं, नवं टर्मिनल दाबून बसवलं, वरून ग्रीस. वीस मिनिटं.

रंगाला रंग? कॅम्परमध्ये हिरवी वायर टेल लाइटची आणि तपकिरी उजव्या इंडिकेटरची. साध्या सामान वाहायच्या ट्रेलरला तपकिरी टेल लाइटची आणि हिरवी उजव्या इंडिकेटरची. रंग विसरा, पिन तपासा.

चाकं जाम झाली तरी लोक कंट्रोलरलाच शिव्या देतात. ट्रेलरचा प्लग ट्रकच्या सॉकेटमधून काढून बघा. तरीही जाम असतील तर करंट ट्रेलरच्याच बॅटरीतून येतोय, आणि पहिला संशयित ब्रेकअवे स्विच, म्हणजे ट्रेलर सुटून गेला तर दोरी ताणून ब्रेक लावणारा. त्यात पाणी शिरलं की तो आपोआप चालू होतो. त्याची पिन ओढून तपासतानाही प्लग काढलेला असू द्या, नाहीतर उलटा करंट जाऊन चांगला कंट्रोलर खरोखरच जाऊ शकतो.

गेन १० वर नेण्याने कमकुवत जोड झाकला जातो, एवढंच. एखाद्या दिवशी तोच जोड नीट टेकला, रस्ता ओला असला, तर चाकं लॉक होऊन ट्रेलर आडवा येईल. मोकळ्या जागेत ताशी २०-२५ मैलांवर खटका दाबून बघा. चाकं लॉक होण्याच्या जरा अलीकडे गेन ठेवा. आणि ब्रेक मऊ असण्याचं कारण पुष्कळदा विजेचं नसतंच, शूज सैल झालेले असतात. नव्या ब्रेकना पहिल्या २०० मैलांनंतर आणि मग दर ३,००० मैलांनी शूज सेट करावे लागतात.

माझा जुना, ‘गेलेला’ कंट्रोलर मी एका मित्राला फुकट दिला. त्याच्या ट्रकमध्ये तो आजही चालतोय.