चहा-कॉफी आजच बंद करा, असे सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

गेल्या काही आठवड्यांपासून ठाणे आणि नवी मुंबईतील सोसायट्यांच्या, भिशीच्या आणि सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचा सारांश असा: चहा-कॉफीतील कॅफिन हे हळूहळू भिनणारे विष असून त्याचे व्यसन दारू-तंबाखूइतकेच घातक आहे, एक कप चहा शरीरातील दोन कप पाणी ओढून घेतो, त्याने हृदय कमकुवत होते आणि रक्त कमी होते, म्हणून चहा-कॉफी आजच्या आज पूर्ण बंद करावी, नंतर डोके दुखले तर विष बाहेर पडत आहे असे समजून सोसावे, त्याऐवजी ग्रीन टी घ्यावा, कारण त्यात कॅफिन नसते, आणि २१ दिवसांत पित्त, वजन, साखर व निद्रानाश यांतून सुटावे. संदेशाखाली कोणाचेही नाव नाही. ऐरोलीत माझे औषधांचे दुकान आहे आणि हा संदेश वाचून चहा सोडलेली माणसे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकेदुखीची गोळी मागायला माझ्याकडे येतात, म्हणून त्याला मुद्देसूद उत्तर देणे मला आवश्यक वाटते. कॅफिन कोणीही सोडू नये, असे माझे म्हणणे नाही. काहींनी ते कमी केलेच पाहिजे आणि काहींनी जवळजवळ सोडले पाहिजे. पण हे कोण घेतो, किती घेतो आणि दिवसाच्या कोणत्या वेळी घेतो यावर ठरते, आणि संदेशात यांपैकी एकही प्रश्न विचारलेला नाही.

विषाच्या दाव्यापासून सुरुवात करू. कोणताही पदार्थ घातक ठरतो तो मात्रेमुळे, आणि कॅफिनची मात्रा बारकाईने अभ्यासली गेली आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चिंतेचे नाही, असे मत दिले. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत अधिक सावध भूमिका घेऊन ३०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली. त्याच मार्गदर्शिकेनुसार १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५, तेवढ्याच इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि बिया दळून काढलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन असते. ठाणे स्टेशनबाहेरच्या टपरीवरचे कटिंग साधारण त्याच्या निम्मे भरते. म्हणजे घरी दोन कप आणि ऑफिसात दोन कटिंग घेणारा माणूस दोनशे मिलिग्रॅमच्या आतच राहतो. उलट महापे किंवा ऐरोलीच्या एखाद्या कंपनीत रात्रपाळी करताना मशीनमधली कडक कॉफी चार वेळा आणि वर एक एनर्जी ड्रिंक घेणारा तरुण ही मर्यादा सहज ओलांडतो. भारतीय नियमांनुसार अशा पेयात लिटरमागे ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालते. जिममधल्या पावडरीचा एकच चमचा कधीकधी एका वेळच्या मर्यादेपर्यंत पोहोचतो, आणि डब्यावरचा आकडा मागितल्याशिवाय कोणी वाचत नाही. संदेशाने या दोघांना आणि सकाळी एक कप चहा घेणाऱ्या आजींना एकाच रांगेत उभे केले आहे.

हेच द्रव्य, अगदी काटेकोर मात्रेत, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अतिदक्षता विभागात औषध म्हणून दिले जाते. अशा बाळांचा श्वास मधूनच थांबतो, आणि कॅफिन सायट्रेट त्यांच्या मेंदूतील श्वसनकेंद्राला चालना देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे.

व्यसनाच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे. शरीराला कॅफिनची सवय लागते आणि ते अचानक तोडले की त्रास होतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत हा त्रास स्वतंत्र निदान म्हणून नोंदवलेला आहे. मात्र ‘कॅफिनचे व्यसन’ हे निदान त्याच पुस्तिकेत मान्य झालेले नाही, ते पुढील अभ्यासासाठी ठेवलेले आहे. तंबाखूने तोंडाचा, घशाचा आणि फुप्फुसाचा कर्करोग होतो. कॉफीविषयी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये पुरावा तपासला, तेव्हा ती कर्करोगकारक ठरवण्याइतका आधार मिळाला नाही. त्या समितीने चिंता व्यक्त केली ती ६५ अंश सेल्सिअसच्या वर, अतिशय गरम प्यायल्या जाणाऱ्या कोणत्याही पेयाबद्दल. (उकळता चहा घाईघाईने घशाखाली उतरवणाऱ्यांनी एवढे मात्र जरूर मनावर घ्यावे.) चहाला तंबाखूच्या पंक्तीला बसवल्याने चहाची भीती वाढते की नाही कोण जाणे, पण गुटखा खाणाऱ्याला ‘तुम्ही चहा पिता, मी हे खातो’ असे म्हणण्याची सोय नक्की होते, आणि मला या संदेशातील सर्वांत मोठे नुकसान तेच वाटते.

पाणी ओढून घेण्याच्या दाव्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. कॅफिनमुळे लघवी थोडी वाढते, पण नियमित घेणाऱ्यांत हा परिणाम क्षीण होतो, आणि चहा स्वतःच बहुतांशी पाणी आणि दूध असतो. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात ५० नियमित कॉफी पिणाऱ्या पुरुषांना काही दिवस रोज चार कप कॉफी आणि काही दिवस तितकेच पाणी देऊन तुलना केली गेली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शरीरातील पाण्याच्या पातळीत फरक आढळला नाही.

डोकेदुखीच्या मुद्द्यावर मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तिथे संदेशाचा सल्ला प्रत्यक्ष त्रास देतो. जागेपणी आपल्या मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते, ते मेंदूच्या पेशींवरील ठरावीक जागांवर (ग्राहींवर) जाऊन बसते आणि आपल्याला झोप येऊ लागते. कॅफिनची रचना त्याच्याशी मिळतीजुळती असल्याने ते त्या जागा अडवून ठेवते, म्हणून तरतरी वाटते. रोज चहा घेणाऱ्याच्या मेंदूत अशा जागा वाढतात. एक दिवस चहा मिळाला नाही की सगळ्या जागा एकाच वेळी मोकळ्या होतात, मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोके ठणकू लागते, सुस्ती येते, चिडचिड होते. हा त्रास शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत सुरू होतो, पहिल्या-दुसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतो आणि दोन ते नऊ दिवसांत ओसरतो. यात बाहेर पडणारे विष कुठेच नाही. विष बाहेर पडत असते, तर अर्धा कप चहा घेताच ते डोके अर्ध्या-पाऊण तासात उतरले नसते. हरतालिकेला निर्जळी उपवास करणाऱ्या बायका दुपारनंतर डोके धरून बसतात, ऑपरेशनसाठी सकाळपासून उपाशी ठेवलेला रुग्ण डोके दुखते म्हणतो. त्यात उपाशीपणाचा वाटा आहेच, पण न मिळालेल्या चहाचाही आहे.

यातून पुढे एक विचित्र प्रकार घडतो. चहा सोडून तिसरा दिवस झालेले एक गृहस्थ माझ्याकडे डोकेदुखीची नेहमीची गोळी मागायला आले. मी पाकीट उलटे करून, चष्मा वर सरकवून, पत्र्यावरची बारीक अक्षरे त्यांना वाचून दाखवली: पॅरासिटामॉल, आणि त्याखाली कॅफिन. डोकेदुखीच्या कितीतरी गोळ्यांत कॅफिन मुद्दाम घातलेले असते, कारण त्याने वेदनाशामकाचा परिणाम वाढतो. ज्या द्रव्यापासून सुटका करून घ्यायची, तेच गोळीतून पोटात जात होते आणि गोळी लागू पडते म्हणून ते रोज दोन घेत होते. अशा गोळ्या महिन्यात बरेच दिवस घेत राहिल्या, तर त्यांचीच वेगळी डोकेदुखी सुरू होते. म्हणून ज्याला खरोखर चहा-कॉफी सोडायची आहे, त्याने एका दिवसात तोडू नये. दर तीन-चार दिवसांनी एक कप किंवा अर्धा कप कमी करावा, सुरुवात संध्याकाळच्या कपापासून करावी आणि सकाळचा कप सर्वांत शेवटी सोडावा. असे केल्यास बहुतेकांना गोळीची गरजच पडत नाही.

हृदय कमकुवत होते, या दाव्याला मोघमपणे मांडलेली भीती यापलीकडे आधार नाही. कॅफिनने रक्तदाब काही काळ थोडा चढतो. ज्यांना सवय आहे त्यांच्यात कमी, ज्यांना नाही त्यांच्यात जास्त. म्हणूनच रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा घेऊ नये, असे आम्ही सांगतो, आणि तरीही लोक समोरच्या टपरीवरून थेट दंडाला पट्टा बांधून घ्यायला येतात. २०२३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १०० प्रौढांच्या छातीवर यंत्र लावून कॉफीचे आणि बिनकॉफीचे दिवस तपासले गेले. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतील अवेळी ठोके कॉफीने वाढले नाहीत, खालच्या कप्प्यांतील काहीसे वाढले, त्या दिवशी लोक जास्त चालले आणि रात्री सरासरी ३६ मिनिटे कमी झोपले. चित्र असे संमिश्र आहे. ज्यांचा रक्तदाब १६० च्या वर राहतो किंवा ज्यांना चहा-कॉफीनंतर छातीत धडधड जाणवते, त्यांनी डॉक्टरांशी बोलून कमी करावे. बाकीच्यांना घाबरवण्याचे कारण नाही.

ग्रीन टीत कॅफिन नसते, हे साफ चुकीचे आहे. तो त्याच झाडाच्या पानांचा असतो, फक्त पाने वेगळ्या रीतीने सुकवलेली असतात. कॅफिन बहुधा साध्या चहापेक्षा कमी, पण असतेच. रात्री जेवणानंतर झोप यावी म्हणून दोन कप ग्रीन टी घेणाऱ्या माणसाला हे कोणी तरी सांगायला हवे. खरोखर बिनकॅफिनचे काही हवे असेल, तर चहा पावडर न टाकता उकळलेला गवती चहा किंवा आले-तुळशीचे पाणी आहे, आणि ते कुंडीत उगवते.

रक्त कमी होण्याच्या मुद्द्यावर संदेश बरोबर दिशेला बोट दाखवतो, पण दोष भलत्याला देतो. चहातील टॅनिन हे द्रव्य जेवणातील लोहाला बांधून ठेवते आणि ते आतड्यांतून नीट शोषले जात नाही. पालेभाज्या आणि कडधान्यांतून मिळणाऱ्या लोहावर हा परिणाम अधिक होतो. यात कॅफिनचा संबंध नाही, म्हणून कॅफिन काढून टाकलेल्या चहानेही तेच होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, त्यामुळे ही गोष्ट आपल्या घरांसाठी क्षुल्लक नाही. उपाय २०२४ च्या मार्गदर्शिकेतच दिला आहे: जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी. पोळी-भाजीच्या डब्यानंतर लगेच कटिंग घेण्याची आपल्या ऑफिसांतली पद्धत बदलली, तरी पुष्कळ साधेल.

आता त्या २१ दिवसांविषयी. ज्यांचे वजन किंवा साखर खरोखर कमी झाली, त्यांच्या कपातून काय गेले ते पाहावे. दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे दिवसाला चाळीस-पन्नास ग्रॅम साखर, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार प्रौढाने दिवसभरात वरून घातलेली सगळी साखर मिळून ५० ग्रॅमच्या आत, शक्यतो २५ च्या आत ठेवावी. शिवाय चहाबरोबर जाणारी खारी, बिस्किटे आणि फरसाण आहेच. चहा तोच ठेवून साखर निम्मी केली, तर या फायद्याचा बराच भाग मिळतो. पित्ताचे तसे नाही. रिकाम्या पोटी कडक चहा घेतल्यावर ज्यांना जळजळते, त्यांना तो सोडून खरोखर आराम पडतो, आणि त्यांनी तो निःशंकपणे सोडावा.

झोपेबाबत संदेश बरोबर आहे, पण वेळेविषयी गप्प आहे. निरोगी प्रौढाच्या शरीरातून अर्धे कॅफिन निघून जायला साधारण पाच तास लागतात. २०१३ च्या एका अभ्यासात झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिननेही झोप तासाभराहून अधिक कमी झाली. रात्रपाळी करून सकाळी सातला झोपणाऱ्याने पहाटे तीनला घेतलेली कॉफी म्हणूनच त्याच्या झोपेत उतरते. त्याने पाळीच्या पहिल्या निम्म्या भागातच ती संपवावी. सिगारेट ओढणाऱ्यांच्या शरीरातून कॅफिन लवकर निघून जाते, त्यामुळे सिगारेट सोडणाऱ्याला तेवढाच चहा पूर्वीपेक्षा जास्त जाणवू लागतो. हे त्याला आधीच सांगितले, तर सिगारेट सोडल्यानंतरची सगळी तगमग तो सिगारेटच्या माथी मारणार नाही.

ज्यांना कॅफिन कमी करण्याचा सल्ला सर्वांत आधी मिळायला हवा, त्यांचा संदेशात उल्लेखच नाही. गरोदरपणात कॅफिन शरीरातून निघून जायला खूप अधिक वेळ लागतो आणि ते वारेतून बाळापर्यंत पोहोचते. म्हणून युरोपीय प्राधिकरण गरोदर स्त्रियांसाठी २०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगते, आणि दिवसाला ३०० च्या वर घेणाऱ्या गरोदर स्त्रियांनी ते कमी करावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. लहान मुलांना एनर्जी ड्रिंक देऊ नये, हे डब्यावरच छापलेले असते. जुलाबासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक घेणाऱ्याच्या शरीरात कॅफिन नेहमीपेक्षा जास्त काळ राहते, म्हणून त्या दिवसांत चहाने हात थरथरणे किंवा झोप उडणे संभवते. दम्यासाठी थिओफिलिन घेणाऱ्यांनीही जपून राहावे, कारण ते औषध कॅफिनच्याच कुळातले आहे. आणि थायरॉइडची गोळी रोज घेणाऱ्या, आमच्या दुकानात रांगेने दिसणाऱ्या स्त्रियांनी चहा सोडण्याची गरज नाही. गोळी उठल्याबरोबर रिकाम्या पोटी साध्या पाण्याने घ्यावी आणि चहा त्यानंतर अर्धा ते एक तासाने प्यावा, कारण दोन्ही एकत्र घेतल्यास गोळीचा काही भाग शोषलाच जात नाही आणि पुढच्या रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉइड कमी पडत असल्यास वाढणारे संप्रेरक) वाढलेला दिसून डॉक्टर विनाकारण मात्रा वाढवतात.