जांभळं लेबल उतरवता येतं, पण प्रत्येक वेळी नाही

“जुन्या कॉमिकच्या कव्हरवरचं कोणतंही रिस्टोरेशन उलटवता येतं. जाणकाराकडून सगळं काढून घ्या, अंक पुन्हा सीजीसीकडे पाठवा, जांभळं लेबल जाऊन निळं येईल.” १९४०च्या दशकातले अमेरिकन अंक जमवणाऱ्यांत हा सल्ला सर्रास फिरतो. सीजीसी ही अंकाचा दर्जा ठरवून तो प्लास्टिकच्या स्लॅबमध्ये सीलबंद करणारी कंपनी. रिस्टोअर केलेल्या, म्हणजे फाट जोडून, रंग भरून किंवा कड छाटून चांगला दिसेल असा केलेल्या अंकाला ती जांभळं लेबल लावते आणि तशा अंकाला, असं काम न झालेल्या निळ्या लेबलवाल्यापेक्षा बराच कमी भाव येतो. म्हणूनच या सल्ल्याचा मोह पडतो, आणि त्यापायी चांगले अंक कायमचे बिघडतात.

“कोणतंही रिस्टोरेशन.” इथेच गाडी अडते. मळलेली कड कटरनं दीड मिलिमीटर छाटली की ती पट्टी गेली ती गेलीच. तिच्या जागी नवा कागद जोडला तर ते आणखी एक रिस्टोरेशन. ब्लीचचंही तेच. क्लोरीनचं ब्लीच डागाबरोबर कागदातलं सेल्युलोजही तोडतं. नंतर कितीही धुवा, तुटलेलं जुळत नाही. कव्हर घडीवर तडकतं आणि कालांतरानं पुन्हा पिवळं पडतं. संवर्धनतज्ज्ञ बार्बरा अॅपलबॉम यांनी १९८७ मध्येच हा मुद्दा मांडला होता: उपचार पूर्ण उलटवता येईल का, यापेक्षा पुढे पुन्हा उपचार करायला वाव राहतो का, हे पाहणं जास्त उपयोगाचं.

“व्यावसायिकानं केलेलं काम निघतंच.” निघणं न निघणं हे माणसापेक्षा त्यानं काय वापरलं यावर ठरतं. फाटलेल्या जागी आतून जपानी कोझो कागदाची पट्टी आणि गव्हाच्या स्टार्चची खळ लावली असेल, तर काम बहुतेक वेळा सुटतं. आधी स्टेपलचे पाय आतून उघडून कव्हर वेगळं करायचं. मिथाइल सेल्युलोजची ४ टक्क्यांची घट्ट जेल फक्त त्या पट्टीवर लावायची, वर पॉलिस्टर फिल्म ठेवायची आणि दर दोन-तीन मिनिटांनी कोपरा उचलून पाहायचा. खळ फुगून बुळबुळीत झाली की पट्टी मागे दुमडत, कागदाला जवळजवळ चिकटून ओढायची. उरलेली खळ ओलसर कापसाच्या बोळ्यानं टिपायची, घासायची नाही. मग टीपकागदात वजनाखाली रात्रभर. घाई केली किंवा जेल पातळ झाली तर ओल पुढच्या बाजूला पोचते. या कव्हरांच्या चकाकीत चिकणमाती असते. ती ओली झाली की मऊ पडते, टीपकागदाला चिकटते आणि चित्रासकट उचलून येते. पांढरा गोंद वापरला असेल तर गोष्ट वेगळी: तो पाण्यानं फुगतो, पण पुरता विरघळत नाही, आणि निघताना तंतू घेऊन येतो.

“रंग तर सहज निघतो.” जलरंग असेल तर पुष्कळदा निघतो. अॅक्रिलिक वाळल्यावर पाण्याला दाद देत नाही. त्याला इथेनॉल किंवा अॅसिटोन लागतं आणि त्यात मूळ छपाईतला लालही हलू शकतो. म्हणून प्रत्येक रंगावर वेगळी चाचणी हवी: बारीक ब्रशनं एक थेंब, अर्धा मिनिट, मग टीपकागदाची कपची दाबून पाहणं. आधी पाणी, मग इथेनॉल, शेवटी अॅसिटोन. मार्कर मात्र तंतूंत मुरतो, कधी कव्हरच्या आतल्या बाजूलाही दिसतो. इथेनॉल-अॅसिटोनसारख्या सॉल्व्हंटनं तो निघण्याऐवजी पसरतो. राहतो उपाय स्काल्पेलनं (शस्त्रक्रियेच्या सुरीनं) खरवडण्याचा, म्हणजे कागदाचाच थर काढण्याचा.

“निळं लेबल आलं की किंमत परत.” लेबल निळं होऊ शकतं, हे खरं. पण खरवडलेली पांढरी जागा आणि उघडी पडलेली फाट आता दोष म्हणून मोजली जाते आणि दर्जा घसरतो. घसरलेल्या दर्जाला निळ्या लेबलचा भाव काय, हा हिशेब काम सुरू करण्याआधीच मांडावा. लहानशा रंगठिपक्यासाठी तो जुळतो. गेलेला कोपरा भरलेला असेल तर सहसा नाही.

“सेलोटेप तर घरीही निघते.” आपल्याकडे इंद्रजालच्या अंकांच्या कण्यावर तीच जास्त असते. कोमट स्पॅच्युलानं वरची पारदर्शक पट्टी निघते, ताजा चिकटा क्रेप रबरानं गोळा होतो. जुना चिकटा मात्र कागदात उतरून पिवळा झालेला असतो, आणि तो डाग सॉल्व्हंटनंही पुरता जात नाही. गरम लॅमिनेशन त्याहून वाईट. ते सोलताना शाई सोबत येते, त्यामुळे असा अंक आहे तसाच ठेवावा.