बायोस अपडेट फसलं म्हणून बोर्ड मरत नाही

‘बायोस अपडेट चालू असताना लाईट गेली की मदरबोर्ड गेला. फार तर बोर्डावरचा गोल सेल काढून बघा, नाहीतर नवीन बोर्ड घ्या. त्यापेक्षा बायोसला हातच लावू नका.’ बायोस, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम, याबद्दलचा हा सल्ला सगळीकडे फिरतोय. दुरुस्तीच्या टेबलावर रोज बसतो म्हणून सांगतो, यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही.

बोर्ड गेलेला नसतो. बायोस असतो आठ पायांच्या एका चिपमध्ये, शेंगदाण्याहून लहान. अपडेट मध्येच तुटलं की तिच्यातला डेटा अर्धवट राहतो. पंखा फिरतो, स्क्रीन काळी. बाकी बोर्ड धडधाकट. डेटा परत लिहिला की मशीन उठतं.

सेल काढल्याने फक्त सेटिंग जातात. रॅमचा वेग चुकीचा लावून मशीन अडलं असेल, तर तो उपाय बरोबर आहे. पण त्या चिपला डेटा धरून ठेवायला वीज लागतच नाही. सेल आठवडाभर बाहेर ठेवला तरी बिघडलेला बायोस तसाच राहणार.

आधी कंपनीने दिलेली सोय बघा. असुसच्या बऱ्याच बोर्डांवर बायोस फ्लॅशबॅक, एमएसआयवर फ्लॅश बायोस बटण, गिगाबाइटवर क्यू-फ्लॅश प्लस असतं. पेनड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट करा, फाइलला मॅन्युअलमधलंच नाव द्या, ठरलेल्या पोर्टात लावा आणि बटण दाबा. प्रोसेसर-रॅम नसली तरी चालतं. एचपीच्या अनेक लॅपटॉपांत विंडोज आणि बी ही बटणं धरून पॉवर दाबायची. डेलच्या अनेक मॉडेलांत कंट्रोल-एस्केप धरून चार्जर लावायचा.

हेही जमलं नाही तर प्रोग्रामर, म्हणजे चिपमध्ये थेट डेटा लिहिणारं उपकरण. एका कॉलेजच्या मुलीला सर्व्हिस सेंटरने बोर्ड बदलायला सांगितलं होतं. तिच्या वडिलांनी पैशांची जुळवाजुळव सुरूही केली होती. मी बॅटरीची वायर काढली, चिपवर प्रोग्रामरची क्लिप बसवली, लाल वायर चिपवरच्या ठिपक्याच्या बाजूला. चिप १.८ व्होल्टची की ३.३ची, हे नंबरावरून आधी बघायचंच. चुकलं तर ती खरोखर जळते. मग जुना डेटा दोनदा वाचला आणि दोन्ही फाइली जुळवल्या. हे टाळू नका, कारण सिरीयल नंबर आणि विंडोजची की बहुधा तिथेच असते. त्या जपून नवीन बायोस लिहिला. पहिल्यांदा चालू व्हायला वेळ लागला, मग लोगो आला. चिपच खराब निघाली असती तरी चिप बदलली असती, बोर्ड नाही.

राहिलं ‘हातच लावू नका’. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर जास्त व्होल्टेजने खराब होत होते. त्यावरचा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, ऑगस्ट २०२४पासून बायोस अपडेटमधूनच आला, आणि झालेलं नुकसान तो भरून काढत नाही. अशा मशीनचं अपडेट भीतीपोटी लांबवू नका. डेस्कटॉप यूपीएसवर ठेवा, लॅपटॉपची बॅटरी भरून चार्जर लावूनच ठेवा. आणि बोर्डावर छापलेला रिव्हिजन नंबर, म्हणजे बोर्डाची आवृत्ती, वाचून मगच फाइल उतरवा.